माजी सैनिक मेळाव्यात आणखी एक टेबल मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर मागच्या पंधरवड्यात एक चौकट आली होती. एका निवृत्त जवानाने दारूच्या नशेत शेजाऱ्याच्या खळ्यात जाऊन कोयता उगारला, वाडीतल्या लोकांनी त्याला धरला, पोलिस आले, गावात खळबळ आहे, अशी. त्याच पानावर खालच्या बाजूला माजी सैनिक मेळाव्याची बातमी होती, फोटोसकट. शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, 'जवानांचा त्याग विसरता येणार नाही'. त्या फोटोत डावीकडून तिसरा मी आहे. वरच्या चौकटीतल्या माणसालाही मी ओळखतो. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आधीच सांगतो, त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. कोयता तो कोयता. शेजाऱ्याच्या घरात लहान पोरं होती, त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या मनातून लवकर जाणार नाही. पण बातमीत कारण म्हणून एकच शब्द आहे, दारू. दारू का, हे बातमीदाराने विचारलं नाही. त्याला दोष देत नाही. माझ्याही बाबतीत कुणी विचारलं नव्हतं.

मी आचऱ्याचा. १९८३ साली बेळगावला भरती झालो, मराठा लाइट इन्फंट्रीत. हवालदार म्हणून निवृत्त झालो. शाळेतली पोरं पंधरा ऑगस्टला विचारतात, "काका, तुम्ही कारगिलला होतात काय?" नव्हतो, असं म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. मी श्रीलंकेत होतो. ऑपरेशन पवन. हे नाव घेतलं की पोरंच काय, त्यांचे मास्तरही गप्प होतात. पदकाच्या रिबनीवर 'श्रीलंका' लिहिलेली पट्टी आहे, ती पाहून एकाने मला विचारलं होतं, क्रिकेटची टीम घेऊन गेला होता काय.

थोडक्यात सांगतो. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि लगेच आपली शांतिसेना जाफन्याला उतरली. नावातच शांती. तमिळ वाघांनी, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांनी, हत्यारं जमा करायची आणि आपण ते बघायचं, इतकंच काम आहे असं आम्हाला सांगितलेलं. ऑक्टोबरमध्ये आपण त्यांच्याशीच लढत होतो. त्यांच्याकडे एके-४७, आमच्याकडे एसएलआर रायफल, लांब आणि जड, गल्लीबोळात वळवताना कुंपणाला अडकणारी. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. त्या सबंध मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्या पलटणींमध्ये आपल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, महाडकडची किती पोरं होती ते गावोगावच्या म्हाताऱ्या आयांना विचारा. अडीच वर्षांत अकराशेहून अधिक जवान गेले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. ती मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आमची पलटण त्याआधीच परतली होती. ती बातमी आम्ही बॅरेकीत रेडिओवर ऐकली. कुणी काही बोललं नाही. एकाने उठून रेडिओ बंद केला आणि पत्ते पिसायला घेतले.

आता मुद्द्याचं. कारगिलला गेलेल्याला कोकणात बर्फ दिसत नाही. राजस्थानच्या सरहद्दीवरून आलेल्याला इथे वाळवंट दिसत नाही. मी जिथून आलो ते मात्र हुबेहूब माझ्या घरासारखं होतं. जाफना म्हणजे तांबडी माती, माड, ताड, झावळ्यांची कुंपणं, दोन कुंपणांमधून जाणारी पाणंद, ओकतीची विहीर, कौलारू घर, दारात जास्वंद आणि सकाळी अंगणात काढलेली रांगोळी. डोंगर तेवढे नव्हते. पहिल्या आठवड्यात आम्हा कोकणातल्या पोरांना मजाच वाटली. माशाच्या कढीचा वास आला की कुणीतरी म्हणायचं, चला, घरी आलो.

त्याच पाणंदीत सुरुंग होते. कधी रस्त्याखाली प्लास्टिकच्या कॅनमध्ये, कधी लाकडाच्या छोट्या पेटीत, म्हणजे डिटेक्टर मुका. माडाताडांच्या शेंड्यावरून गोळी यायची. म्हणून आम्ही चालताना सारखे दोन ठिकाणी बघत असू, पायाखाली आणि झाडाच्या टोकावर. मधल्या उंचीवर, जिथे माणसांचे चेहरे असतात, तिथे बघायला वेळ नसे.

आमच्या सेक्शनमध्ये सावंतवाडीकडचा एक जण होता. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची आई अजून हयात आहे. त्या दिवशी तो पुढे, मी त्याच्या मागे ठरलेलं अंतर सोडून. तहान लागली होती. शहाळी डोक्यावर लटकत होती, पण झाडाच्या बुंध्याशी जायचं नाही असा कंपनी कमांडर साहेबांचा सक्त हुकूम. तो थांबला, वर बघितलं आणि मागे न वळता म्हणाला, "ह्यो माड बाणवलीच दिसता मरे." बाणवली ही आमच्याकडची माडाची जात. मी हसलो. त्याने पुढचं पाऊल टाकलं.

एवढंच लिहितो. पुढचं मी डॉक्टरांना सांगितलं आहे, बायकोला अर्धं सांगितलं आहे, वर्तमानपत्रात नको. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्फोटाचा आवाज माझ्या लक्षात नाही. तो झाल्यावर कान बंद पडले आणि त्या बंद कानांत, धक्क्याने सुटलेले नारळ जमिनीवर पडत राहिले. धप. थोडं थांबून पुन्हा धप. तो आवाज कानाने ऐकला की पायातून कळला, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. पंजाब, राजस्थान, वरती एक टेन्युअर. काही झालं नाही, निदान असं काही नाही की जे दिसेल. झोप कमी होती, पण फौजेत पहाटे उठणाऱ्याला कोण विचारतो? राग लवकर यायचा, तोही फौजेत खपून जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जवानाची तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाचं. बाकीची कान, हातपाय, शरीर आणि डोळे यांची. गुडघा गेला म्हणून कॅटेगरी खाली आली तर चार लोक हळहळतात. एस खाली आला तर लंगरमध्ये तुमच्या शेजारी बसणारा ताट घेऊन थोडा सरकतो, हत्यार हातात द्यायचं की नाही याचा विचार होतो आणि प्रमोशन अडकतं. म्हणून एस सगळ्यांचा एक नंबर, म्हणजे ठणठणीत, असतो. घरी जाताना शेवटच्या तपासणीत मला विचारलं, काही त्रास? मी म्हणालो, नाही साहेब. माझ्या पुढचाही तेच म्हणाला, मागचाही.

आणि मग मी आचऱ्याला आलो, माडांमध्ये.

डॉक्टर मॅडमनी नंतर मला समजावलं की हा आजार कित्येकदा वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि ओळखीची खूण दिसली की उठतो. पंजाबात माझ्या आजाराला खूणच मिळत नव्हती. घरी मात्र रात्री परसात नारळ पडला की मी खाटेखाली असायचो. हे लिहिताना लाज वाटत नाही, आधी वाटायची. पाडेली माडावर चढला की मी घराच्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचो, कारण माडावरचा माणूस दिसला की हात आपोआप खांद्याकडे जायचा, हत्यार शोधायला. गंमत बघा, दिवाळीचे फटाके आणि गणपतीतले बॉम्ब मला कधी फारसे बाधले नाहीत. लोक सहानुभूतीने म्हणायचे, फौजी आहेत, फटाके लावू नका रे. मी म्हणायचो, लावा. नारळ पाडू नका, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पाणंदीने जाणं सोडलं. हमरस्त्याने लांबचा वळसा घालून बाजारात जायचो. बागायत खंडाने देऊन टाकली, हक्काचं उत्पन्न निम्म्यावर आलं. मग एका पावसाळ्यात, सलग रात्री न झोपल्यावर, खळ्याजवळचे फळते माड मी तोडून टाकले. कोकणाबाहेरच्या वाचकाला यात काय एवढं असं वाटेल. इथे फळता माड तोडणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. आई तोडलेल्या बुंध्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "फळतो माड तोडलंस? हात कसो धजलो तुझो?" त्यानंतर बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. वाडीत एकमत झालं, फौजीक काय तरी लागलाहा. काहींचं म्हणणं थेट होतं, ह्येका रत्नांग्रीक धाडूक व्हया. आपल्याकडे रत्नागिरीला धाडणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आधी मला नेलं घाड्याकडे, म्हणजे गावातल्या देवऋषाकडे. सुशिक्षित वाचक हसतील, पण मी त्या माणसाला हसणार नाही. त्याने तांदूळ मांडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुका काय दिसता? खंय दिसता? कोणाचा तोंड दिसता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला विचारणारा तो पहिला माणूस. मी उत्तर दिलं नाही, पण घरी येऊन बायकोजवळ रडलो. उपाय म्हणून त्याने कोंबडा सांगितला. कोंबड्याने काही झालं नाही. प्रश्नाने मात्र झालं.

कोट्याची रम होतीच. कॅन्टीनच्या कार्डामुळे माजी सैनिकाला गावात एक वेगळीच किंमत असते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता चौकशीला येणारे मित्र असतात. मी वाटायचो कमी, प्यायचो जास्त. प्यायल्यावर झोप लागायची आणि पहाटे तीनला तिथेच जाग यायची, पाणंदीत. रम झोप लावते आणि मधूनच फाडते, हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं. बायको म्हणायची, "माका तुमचा भ्या नाय, तुमच्या झोपेचा भ्या असा." झोपेत मी तिचा दंड धरायचो, सकाळी निळे डाग असायचे आणि ती लांब बाह्यांचं पोलकं घालून विहिरीवर जायची. वरच्या चौकटीतल्या जवानाच्या घरातही असं एक पोलकं असणार, मला विचारायची गरज नाही.

हे काही नवं नाही. कोकणातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी भिंतीत बसवलेली आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. वजाबाकी करून जे उरतात, ते परत आले. त्यांचं काय झालं ते पाटीवर नाही. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ बसऱ्याच्या लढाईवर गेले होते. कूतच्या वेढ्यातून वाचलेले. १९१५ च्या डिसेंबरपासून पुढल्या वर्षीच्या २९ एप्रिलपर्यंत तिथे आपली फौज तुर्कांनी कोंडली होती, शेवटी शेवटी घोडी आणि खेचरं कापून खाल्ली. हे आजोबा घरी परतल्यावर मरेपर्यंत धोतराच्या सोग्याला मूठभर भाजके तांदूळ बांधून झोपायचे. घरात भाताची कणगी भरलेली. पोरं त्यांची चेष्टा करायची. त्या काळी गोऱ्या डॉक्टरांनी अशा त्रासाला 'शेल शॉक' नाव दिलं होतं, पण ते नाव आमच्या वाडीपर्यंत कशाला येतं? आज त्याला पीटीएसडी म्हणतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे १९८० साली अमेरिकेच्या मानसोपचाराच्या पुस्तकात ते नाव रीतसर आलं. म्हणजे मी भरती झालो तेव्हा या आजाराला नाव मिळून तीन वर्षं झाली होती.

मी रत्नागिरीला कसा पोचलो ते सांगतो. आमच्या गावची गावपळण सगळ्यांना माहीत आहे. देव रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो. झावळ्यांच्या खोपी, रात्री भजनं, बायकांना घरकामाची सुट्टी, पोरांची चंगळ. टीव्हीवाले येतात ते बाहेरची मौज टिपायला. मी मात्र निघताना मागे वळून बघितलं. उघड्या पडव्या, विहिरीवर तशीच राहिलेली कळशी, एकही माणूस नाही. असे रिकामे गाव मी पाहिले होते. जाफन्यात माणसं अशीच घर सोडून देवळात जाऊन राहिली होती. त्यांना कौल आमच्या तोफांनी दिला होता आणि ती तीन दिवसांत परतली नाहीत.

त्या रात्री झावळ्यांच्या खोपीत मला नेमकं काय झालं ते आठवत नाही. सांगतात की मी शेजारच्या खोपीतल्या पोरांना जमिनीवर दाबून धरलं होतं आणि 'डोकं खाली, डोकं खाली' म्हणून ओरडत होतो. पोरं घाबरली, लागलं कुणाला नाही. माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याने मला धरलं नाही, माझ्या बाजूला आडवा पडला आणि स्वतःचं डोकं खाली घेतलं. कुणी शिकवलं होतं त्याला, देव जाणे. गाव पुन्हा भरला, त्या आठवड्यात तो मला घेऊन रत्नागिरीच्या एसटीत बसला. मी नाही म्हणालो नाही.

सरकारी मनोरुग्णालयाचा दरवाजा पाहून पाय जड झाले, पण आत ओपीडी म्हणजे इतर कुठल्याही सरकारी दवाखान्यासारखीच. केसपेपर, बाकडं, रांग. शेजारी एक शिक्षक, एक कोळीण, बारावीचा मुलगा आणि त्याचे वडील. साखळदंड, आरडाओरडा, जे लहानपणापासून ऐकलं होतं, त्यातलं काही नाही. डॉक्टर मॅडमनी मला वाटलं होतं तसं 'वेड कधीपासून' असं विचारलं नाही. झोप कशी आहे, स्वप्न एकच पडतं की वेगवेगळी, दचकता का, कुठे जायचं टाळता, असं विचारलं. कुठे जायचं टाळता, यावर मी म्हणालो, माझ्याच बागेत.

गोळी सुरू झाली, सर्ट्रालीन. पहिल्या दिवसांत पोट बिघडलं, वाटलं सोडावी. मॅडमनी आधीच बजावलं होतं की गुण यायला काही आठवडे लागतात, आपल्या मनाने बंद करायची नाही. स्वप्नांसाठी रात्रीची आणखी एक गोळी होती, तिने उठताना चक्कर यायची, म्हणून खाटेच्या कडेवर थोडं बसून मग उभं राहायला शिकलो. रम बंद करायला सांगितली. ती एकदम नाही, देखरेखीखाली, कारण रोज पिणाऱ्याने एकाएकी तोडली तर फिट येऊ शकते.

खरं औषध त्यानंतरचं. मॅडमनी मला तो दिवस सांगायला लावला, डोळे मिटून, आत्ता घडतोय असा. मी पाऊल टाकतोय, तो वर बघतोय. पहिल्यांदा माडापर्यंत येऊन थांबलो. पुढच्या खेपेला त्याच्या शब्दांपर्यंत. असं करत करत शेवटपर्यंत. हे बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं, असा अभ्यास. मी गोठ्यात बसून ऐकायचो, म्हशीशिवाय कुणी नाही. सुरुवातीला अंगाला घाम, तोंडाला कोरड. मग एक दिवस असा आला की ऐकता ऐकता माझं लक्ष म्हशीच्या शेणाकडे गेलं, गोठा झाडायचा राहिलाय म्हणून. मॅडमना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, हवालदारसाहेब, हेच हवं होतं.

दुसरा अभ्यास चालण्याचा. बागेच्या कडेला उभं राहायचं, भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा आणि तो आकडा निम्मा होईपर्यंत तिथून हलायचं नाही. आधी कडेला, मग पहिल्या माडाशी, मग पाणंदीच्या मध्यावर. बायको बरोबर यायची. लोक बघायचे, ही दोघं माडाकडे बघत काय उभी आहेत. सर्वांत शेवटी पाडेल्याला बोलावलं आणि तो वर असताना मी बुंध्यापासून थोड्या अंतरावर उभा राहिलो. नारळ पडला. धप. आकडा चढला, मग उतरला. त्या वर्षी बागायत खंडाने दिली नाही, स्वतः ठेवली.

पूर्ण बरा झालो का? पावसाळ्यात, वाऱ्याच्या रात्री अजून जाग येते. जाग आल्यावर मी कुठे आहे ते मला कळतं, आणि मी कूस बदलतो. मला एवढं पुरे आहे.

आता मागणी. आपल्या मेळाव्यात काय काय असतं ते मी दरवर्षी बघतो. पेन्शनच्या 'स्पर्श'चं टेबल, जीवन प्रमाणपत्राचं टेबल, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डाचं, कान तपासायचं, डोळ्यांचं, बीपी-शुगरचं. वीरनारींसाठी वेगळी रांग, हे फार चांगलं करतात. शेपची चार अक्षरं या ना त्या टेबलावर येऊन जातात. पहिल्या अक्षराला मांडवात जागा नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला माझी विनंती आहे की एक टेबल आणखी मांडावं. त्यावर 'मानसोपचार' असा फलक लावाल तर दिवसभर माशी फिरकणार नाही, हे मी लिहून देतो. 'झोपेची तपासणी' लिहा. झोप लागत नाही हे सांगायला कुणाही फौजीला लाज वाटत नाही. टेबल कान तपासणीच्या शेजारी ठेवा, कारण आमच्यातल्या निम्म्यांचे कान गेलेलेच आहेत, तिथे रांग असते. डॉक्टर कुठून आणायचे म्हणाल तर रत्नागिरी आहे, सिंधुदुर्गनगरीला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. एक डॉक्टर, एक दिवस, एवढंच मागतोय. आणि समोर दोन खुर्च्या ठेवा. दुसरी बायकोसाठी. नवरा सांगेल झोप बरी आहे, आणि ती काय ते खरं सांगेल.

ज्यांना मेळाव्यापर्यंत थांबवत नाही त्यांच्यासाठी फोन आहे. १४४१६, टेलिमानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याचा खास कक्षही सुरू झाला. मेळाव्याची तारीख आपण छापताच, त्या चौकटीत हा आकडाही छापा. जागा लागणार नाही.

काही जुने सहकारी हे वाचून चिडतील, घरचं धुणं वेशीवर टांगलंस म्हणून. एका सुभेदार साहेबांना मी पत्र आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, पलटणीची इज्जत जाते. मी विचारलं, साहेब, तुम्ही रात्री दिवा लावून का झोपता? त्यांनी चहा मागवला.

चौकटीतल्या जवानाकडे मी जाऊन आलो. त्याची परवानगी घेऊनच लिहितोय. तो काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सबरोबर होता, पुढचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याची काळजी एकच होती, दवाखान्यात नाव लागलं तर पेन्शन कापतील काय. कापत नाहीत. मी माझं पासबुक दाखवलं. येत्या बुधवारी पहाटेच्या गाडीने आम्ही रत्नागिरीला निघतोय. ज्याच्यावर कोयता उगारला तो शेजारीही येतो म्हणाला. मला आश्चर्य वाटलं, तसं बोललोही. त्याने सांगितलं, त्याचा मुलगा सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर धावतोय, अग्निवीर भरतीसाठी. त्याला एकदा बघून ठेवायचंय, डॉक्टर काय विचारतात ते.

सैनिक कल्याण कार्यालयाने टेबल द्यायचं मनावर घेतलं तर नावं लिहून घ्यायला माणूस लागेल. मला कळवा. डबा घेऊन सकाळी आठला हजर असेन.

आपला,
एक माजी हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
आचरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे.)